मानसिक आरोग्य परिचर्या (रायपूर, छत्तीसगढ)

मनोविकाराच्या रुग्णाची देखरेख, औषधांवर लक्ष, त्याच्याशी व घरच्यांशी सतत बोलणे आणि बरे झाल्यावर त्याला पुन्हा संसाराला व कामाला लावणे, ही कामे करणारी परिचर्येची विशेष शाखा. रायपूरचे जिल्हा रुग्णालय पंडरी भागात आहे. छत्तीसगढच्या जिल्हा रुग्णालयांतील मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण कक्ष ‘स्पर्श क्लिनिक’ या नावाने ओळखला जातो.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ वेगळे झाले, तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर येथील मनोरुग्णालये मध्य प्रदेशातच राहिली. नव्या राज्याचे मनोरुग्णालय पुढे बिलासपूरजवळ सेंदरी येथे उभे राहिले. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे अशी चार सरकारी रुग्णालये आहेत व त्यांच्यामागे मोठ्या वॉर्डांची जुनी परंपरा आहे. छत्तीसगढात ती नव्हती. त्यामुळे इथल्या सिस्टरच्या कामाचा मोठा भाग बाह्यरुग्ण कक्षात, फोनवर आणि रुग्णाच्या घरी होतो. 2002 पासून गावोगाव काम करणाऱ्या मितानिन, म्हणजे गावच्याच आरोग्य स्वयंसेविका, या कामात तिच्या सर्वांत जवळच्या सहकारी ठरू शकतात. औषध कोणी सोडले, कोणाला आधी बैगाकडे (गावच्या मांत्रिकाकडे) नेले, कोण कामासाठी परराज्यात गेले, हे पहिल्यांदा मितानिनला कळते.

या कामाला किती कसब लागते, ते लिथियमच्या उदाहरणावरून दिसते. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात हे औषध उत्तम चालते. पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. मे महिन्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. घाम गळून शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की लिथियमची रक्तातील पातळी चढते. घरच्यांनी रक्तदाबासाठी मीठ एकदम तोडले किंवा अंगदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेन आणून दिली, तरी तेच होते. हाताची थरथर वाढणे, उलट्या-जुलाब, बोलणे जड होणे, चालताना झोक जाणे ही लक्षणे उन्हाचा त्रास म्हणून सोडून दिली जाण्याची भीती असते. जाणती परिचारिका पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना कळवते आणि रक्त तपासायला लावते. गोळी जिभेखाली दाबून ठेवली आहे का हे पाहणे, हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर मान वाकडी झाली तर ओळखणे, क्लोझापिनवर असलेल्या रुग्णाचा ताप आणि घसादुखी हलकी न समजता पांढऱ्या पेशी मोजायला पाठवणे, हेही तिच्याच नजरेवर अवलंबून असते.

व्यवसायात येण्यासाठी जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) ही तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी लागते. दोन्हींत मानसिक आरोग्य हा सक्तीचा विषय आहे. त्यानंतर मनोविकार परिचर्येची एक वर्षाची पदविका किंवा दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. बंगळुरूची 1954 मधील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे आजची निम्हान्स, हे या शिक्षणाचे देशातील जुने केंद्र. कामासाठी राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी अनिवार्य आहे. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याने परिचारिकेला मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आणि तिच्या नोंदणीचे काम राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे सोपवले. रुग्णाला साखळीने बांधणे आणि एकांतात कोंडणे याच कायद्याने बंद केले. त्याला किंवा इतरांना तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल, तरच मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने शारीरिक प्रतिबंध करता येतो. कर्मचारी कमी आहेत हे कारण चालत नाही, असे कायदाच सांगतो. रात्रपाळीला एकट्या असलेल्या सिस्टरसाठी हे वाक्य फार मोलाचे आहे: मनुष्यबळाची तूट रुग्णाच्या मनगटांवर भरून काढता येत नाही, हे ती वरिष्ठांना कायद्याच्या आधाराने सांगू शकते.

याच कायद्यातील मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या मात्र सैल आहे. सामान्य परिचर्येची पदविका आणि नोंदणी एवढ्यावर कोणालाही मानसिक आरोग्य परिचारिका म्हणता येते. विशेष पदविका लागत नाही. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य परिचारिकांसाठी नोंदवहीत स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे गरज त्याहून कमी नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगढसह बारा राज्ये होती आणि बहुतेक विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे त्यात आढळले.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रे, नर्सिंग महाविद्यालये आणि खासगी रुग्णालये येथे नोकरीच्या संधी आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस (14416) या मोफत सेवेने दूरध्वनीवरील समुपदेशनाचे क्षेत्रही खुले केले. सर्वसाधारण रुग्णालयांत परिचारिकांना वॉर्ड बदलून देण्याची पद्धत आहे. विशेष पदविका घेतलेली परिचारिका त्या फेऱ्यात शस्त्रक्रिया विभागात गेली, तर तिचे वर्षभराचे शिक्षण आणि रुग्णांची ओळख, दोन्ही तिथेच थांबतात. अशा पदांना बदल्यांच्या फेऱ्यातून वगळणे आणि त्यांच्यासाठी बढतीची स्वतंत्र वाट ठेवणे, या दोन गोष्टी राज्य सरकारांनी आधी कराव्यात.