प्रोस्टेट कर्करोग : संप्रेरकाची कळ

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीची वाढ टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर अवलंबून असते. तिचा कर्करोगही त्याच बळावर फोफावतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. १९६६ चे नोबेल त्यासाठीच. पेशीतील ग्राही-प्रथिन हे संप्रेरक धरून ठेवते आणि ठरावीक जनुके चालू करते. त्यात बिघाड कसा होतो, याचा महत्त्वाचा धागा २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला सापडला. अनेक रुग्णांच्या गाठींत २१व्या गुणसूत्रावरील 'टीएमपीआरएसएस२' व 'ईआरजी' ही जनुके तुटून परस्परांस जोडली गेली होती. पहिल्याची कळ संप्रेरकाच्या हाती. जोड होताच तीच कळ एरवी ग्रंथीत सुप्त असणाऱ्या, पण इतर जनुकांवर हुकमत गाजवणाऱ्या ईआरजीला जागे करते. पाश्चात्त्य रुग्णांच्या सुमारे निम्म्या गाठींत ही जोड आढळते, आशियाई रुग्णांत त्याहून कमी.

पसरलेल्या रोगात संप्रेरक रोखणारे उपचार आधी गुणकारी ठरतात. पुढे बहुधा निष्प्रभ होतात. कारण पेशी ग्राहींची संख्या वाढवतात, किंवा संप्रेरकाविनाच चालणारा अपुरा ग्राही घडवतात. कळ काढून घेतली तरी यंत्र सुरूच राहते.