नाईट शिफ्ट करताय? मग फोनमधल्या झोपेच्या सेटिंग्ज उलट्या लावा

हिंजवडीतलं कॉल सेंटर असो, हॉस्पिटलची ड्युटी असो की चाकणच्या कंपनीतली थर्ड शिफ्ट, रात्रभर जागून सकाळी घरी आल्यावर झोप लागत नाही ही तक्रार सगळीकडे सारखीच. लागली तरी दुपारी १२ ला डोळे टक्क उघडे! यात तुमचा दोष कमी आणि शरीरातल्या घड्याळाचा जास्त.

मेंदूत पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून तो दिवस की रात्र हे ठरवतो. अंधार झाला की मेलाटोनिन नावाचं हार्मोन वाढतं आणि झोपेची तयारी सुरू होते, उजेड आला की ते कमी होतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं आहे. तुम्ही सकाळी ७ ला बाईकवरून घरी येता तेव्हा हेच घड्याळ म्हणतं, चला, दिवस सुरू झाला.

फोन समजतो की तुम्ही रात्री झोपता

गंमत अशी की आपला फोनही तसंच धरून चालतो. नाईट लाईटमध्ये 'सूर्यास्त ते सूर्योदय' असं शेड्यूल लावलं असेल तर तुम्ही कामावर असताना स्क्रीन पिवळी होते आणि सकाळी तुम्ही झोपायला आलात की पुन्हा पांढरीशुभ्र! त्यामुळे डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन स्वतःची वेळ टाका, उदा. सकाळी ६ ते दुपारी ४. आयफोनमध्ये या फीचरचं नावच 'नाईट शिफ्ट' आहे, पण नाईट शिफ्टवाल्यांसाठी ते बनवलेलं नाही.

मात्र नुसता रंग पिवळा करून झोप येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ब्राइटनेस कमी करा आणि रील्स बंद करा, त्याचा फायदा जास्त. खरा शत्रू तर बाहेरचं ऊन. भर उन्हात १ लाख लक्सपर्यंत उजेड असतो, फोनचा उजेड त्यापुढे काहीच नाही. कॅबने येत असाल तर गॉगल लावा. स्वतः गाडी चालवत असाल आणि डोळे मिटत असतील तर गॉगल नको आणि गाडीही नको, आधी २० मिनिटं डुलकी काढा. खोलीला जाड पडदे हवेतच. नसतील तर डोळ्यांवर पट्टी चालते.

दिवसा येणारे कॉल

कुरियरवाला, लोनवाले, सोसायटीचा ग्रुप, सगळे दिवसाच जागे असतात. म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' तुमच्या झोपेच्या वेळेला आपोआप चालू होईल असं लावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंगमध्ये बेडटाइम मोड मिळतो, आयफोनमध्ये स्लीप फोकस. आई-बाबा आणि टीम लीडर यांना अपवादाच्या यादीत टाका. 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवलं तर तोच नंबर थोड्या वेळात दुसऱ्यांदा आला की रिंग वाजते. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा की अर्जंट असेल तर लागोपाठ दोनदा साधा कॉल करा. अँड्रॉइडवर अपवादांमध्ये अलार्मला परवानगी आहे ना, हे एकदा बघून घ्या, नाहीतर शिफ्टच हुकायची.

शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर शेड्यूलही दर आठवड्याला बदलावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण रविवारी २ मिनिटांचं काम. सुट्टीच्या दिवशी लगेच पूर्ण उलटं वेळापत्रक करू नका. निदान ३-४ तास तरी रोजच्याच वेळेत झोपा, म्हणजे घड्याळ फार गोंधळत नाही.

चहा-कॉफीचं गणितही समजून घ्या. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे पहाटे ४ च्या कडक कॉफीतलं निम्मं सकाळी ९ ला अंगात असतं. कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या भागातच संपवा.

फिटनेस बँड दिवसाची झोप कधी कधी नुसती डुलकी म्हणून मोजतो, त्यामुळे त्याचा लाल स्कोअर बघून घाबरू नका. २४ तासांत एकूण ७ तास होतात का, ते बघा. हे सगळं करूनही काही आठवडे झोप लागत नसेल किंवा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर डॉक्टरांना भेटा. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका, मेलाटोनिनच्याही नाही.