कायद्याची वार्ता आणि लोकांची भाषा
(गोव्यातील वकिली व्यवसायाच्या वाटचालीतील एक प्रकरण)



सामान्य वाचक वर्तमानपत्र उघडतो तेव्हा त्याची नजर निवडणुका, अपघात, बाजारभाव यांवरून फिरते. वकिलाच्या दृष्टीने बातमी म्हणजे काहीशी निराळीच गोष्ट असते. अमुक कलम अमुक तारखेपासून अमलात आले, अमुक न्यायालयाची हद्द बदलली, अमुक निकालाने वीस वर्षांची समजूत मोडीत निघाली, ही त्याची बातमी. ती बहुधा राजपत्राच्या एखाद्या पानावर, लहान टायपात, कोणतेही मथळे न मिरवता येते. परंतु तिच्यावर कुणाचे घर, कुणाची शेती, कुणा विधवेचा हिस्सा अवलंबून असतो. ही वार्ता वकिलापर्यंत कशी पोचली आणि वकिलापासून ज्याच्यासाठी ती आहे त्या माणसापर्यंत कशी पोचली, किंवा पोचली नाही, याचा गोव्यापुरता विचार आज करावयाचा आहे. गोव्याची निवड सकारण आहे. एका पिढीच्या हयातीत वकिली व्यवसायाची भाषा, न्यायालये आणि कार्यपद्धती ही तिन्ही बदलली, आणि घरगुती व्यवहारांचा कायदा मात्र तोच राहिला, असे दुसरे उदाहरण भारतात सापडणे कठीण.

गोव्यातील वरिष्ठ न्यायालयाची परंपरा फार जुनी आहे. ‘त्रिबुनाल द रेलासांव’ या नावाने ओळखले जाणारे न्यायालय १५४४ साली स्थापन झाले आणि चारशेहून अधिक वर्षे चालले. कायद्याची वार्ता छापून देण्याची सोय मात्र बरीच उशिरा झाली. ‘गॅझेता द गोवा’ हे सरकारी पत्र २२ डिसेंबर १८२१ रोजी सुरू झाले आणि काही वर्षांत बंद पडले. पुढे १८३७ च्या डिसेंबरात सरकारी ‘बोलेतीं’ निघू लागले. हुकूम, नेमणुका, लिलाव, न्यायालयांच्या नोटिसा असे सर्व काही त्यात येई. वकिलाच्या मेजावर ते असणे अपरिहार्य होते. परंतु ते पोर्तुगीज भाषेत होते, आणि ज्यांच्या जमिनींचे लिलाव त्यात जाहीर होत त्यांपैकी बहुतेकांना ती भाषा वाचता येत नव्हती. म्हणून वकील हा केवळ बाजू मांडणारा राहिला नाही. तो दुभाष्याही झाला. पक्षकाराला न्यायालयात काय चालले आहे हे वकिलाच्या तोंडूनच कळे. त्यामुळे वकिलाला मान मिळाला, आणि पक्षकाराचे परावलंबनही वाढले.

या चित्राला छेद देणारी एक घटना मात्र आवर्जून नोंदवली पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेले पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे प्रदेश ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जात. तेथील वस्ती प्रामुख्याने हिंदू होती आणि वारसा, दत्तक, विवाह यांविषयीच्या तिच्या रूढी मान्य करूनच राज्य चालवणे भाग होते. या रूढींची संहिता १८५३ साली तयार झाली, आणि १८६१ साली सरकारी छापखान्यातून तिची जी आवृत्ती निघाली ती पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत होती. परकी सत्तेने लोकांच्या रूढी लोकांना वाचता येईल अशा भाषेत छापल्या. त्यामागे औदार्य होते असे मानण्याचे कारण नाही. त्यामागे राज्यकारभाराची गरज होती. जो कायदा ज्याच्यावर लागू करावयाचा त्याला तो समजला नाही तर तंटे वाढतात, एवढे शहाणपण त्या कारभाऱ्यांना होते. पुढे १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने गोव्यातील हिंदूंच्या रूढींना नवे संहितारूप मिळाले.

दरम्यान एका मोठ्या कायद्याचे आगमन झाले होते. व्हिस्कोंदे द सेआब्रा यांनी रचलेली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून सागरापलीकडील प्रांतांत लागू झाली. पुढे १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर विवाह आणि घटस्फोट यांचे नवे कायदे तिला जोडले गेले. या संहितेवरील सर्वांत विस्तृत भाष्य कोणी लिहिले? लिस्बनमध्ये नाव कमावलेल्या लुईश द कुन्य गोन्साल्विश या विधिज्ञाने. त्यांचा जन्म १८७५ साली पणजीत झाला होता. नागरी कायद्यावरील त्यांचा ग्रंथ चौदा खंडांचा आहे. गोव्याच्या वकिली परंपरेची उंची यावरून ध्यानात यावी. मात्र ही सारी विद्वत्ता पोर्तुगीजमध्ये होती, आणि राज्य बदलताच तिच्या वाचकांची संख्या झपाट्याने घटणार होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नव्या राज्यव्यवस्थेपुढे पहिला प्रश्न हाच होता की उद्या सकाळी न्यायालयात कोणता कायदा चालावयाचा? १९६२ च्या गोवा, दमण व दीव प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने उत्तर दिले, की सक्षम विधिमंडळ बदल किंवा रद्द करीपर्यंत असलेले कायदे चालू राहतील. या एका वाक्याने एकोणिसाव्या शतकातली संहिता भारतीय कायद्याचा भाग बनली. मग एकेक बदल येऊ लागला. १६ डिसेंबर १९६३ पासून जुने ‘रेलासांव’ जाऊन न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले. भारतीय दंडसंहिता आली. १९६६ साली भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली.

हे शब्द आज आपण सहज उच्चारतो. त्या काळी वकिलीत मुरलेल्या पन्नाशीच्या माणसाची कल्पना करा. अर्जाचा मसुदा, मुदतीची गणना, साक्षीपुराव्याची रीत, अपिलाची पायरी, हे सारे त्याला पोर्तुगीज पद्धतीने अंगवळणी पडलेले. आता कार्यपद्धती भारतीय, कामकाजाची भाषा इंग्रजी, दाखले मुंबई आणि दिल्लीच्या निकालांचे. पण पक्षकाराचा विवाह, वाटणी आणि वारसा मात्र पोर्तुगीज संहितेनेच ठरावयाचा. म्हणजे एकाच दाव्यात दोन कायदेपरंपरा नांदू लागल्या. उलट तरुण वकिलाची अडचण अशी की त्याला प्रक्रिया येते, इंग्रजी येते, पण मूळ संहिता वाचता येत नाही. पोर्तुगीज जाणणारे ज्येष्ठ आणि इंग्रजी जाणणारे कनिष्ठ यांना एकमेकांची गरज लागली. मनोहर उसगावकर यांच्यासारख्या विधिज्ञांनी पोर्तुगीज कौटुंबिक कायद्यांची इंग्रजी भाषांतरे केली, ती या संक्रमणकाळातली मोठी कामगिरी होय. १९७३ साली मिरामार येथे साळगावकर कायदा महाविद्यालय निघाले आणि कायद्याचे शिक्षण गोव्यातच मिळू लागले.

याच काळात सामान्य माणसाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे कायदे झाले. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा हे त्यांपैकी होत. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या झोपडी बांधून राहिलेल्या मुंडकाराला या कायद्याने बेदखल होण्यापासून संरक्षण दिले. परंतु कायद्याने दिलेला हक्क आपोआप पदरात पडत नाही. तो मागावा लागतो, नोंद करून घ्यावा लागतो, पुरावा जपावा लागतो. ज्याला हक्काची वार्ताच पोचली नाही, तो आपला अंगठा दुसऱ्याच कागदावर उठवून बसतो. ‘कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ हे तत्त्व न्यायालयात ठीक आहे. पण जेथे कायदा तिसऱ्याच भाषेत लिहिलेला आहे तेथे त्या तत्त्वाचा भार एकट्या गरिबावर टाकणे न्याय्य आहे काय?

न्यायव्यवस्थेची वाटचाल पुढे चालूच राहिली. संसदेच्या १९८१ च्या कायद्याने मुंबई उच्च न्यायालयाची हद्द गोवा, दमण व दीवपर्यंत वाढली आणि ३० ऑक्टोबर १९८२ रोजी पणजीत कायम खंडपीठ स्थापन झाले. न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाचे काम पाहणारे न्यायमूर्ती कुतो हे या खंडपीठावर प्रारंभापासून होते. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा ठरली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही वाव मिळाला. आल्तिन्यावरील लिसेव संकुलात अनेक वर्षे चाललेले उच्च न्यायालय पर्वरी येथील नव्या वास्तूत गेले. तिचे उद्‌घाटन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते २७ मार्च २०२१ रोजी झाले. त्या प्रसंगी त्यांनी गोव्याच्या नागरी कायद्याचा गौरवाने उल्लेख केला.

हा गौरव ऐकून आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हावाही. १३ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीची मुंबईत किंवा भारतात अन्यत्र मिळकत असली तरी तिचा वारसा याच संहितेने ठरेल. संहिता मूळची पोर्तुगीज असली तरी संसदेने ती स्वीकारल्यामुळे ती भारतीय कायदाच होय, असेही न्यायालयाने म्हटले. खुद्द पोर्तुगालने १९६७ पासून नवी संहिता स्वीकारून ही जुनी संहिता बाजूला सारली. जी आपल्या जन्मभूमीत उरली नाही ती मांडवीकाठी जिवंत आहे. तथापि समान नागरी कायद्याचा आदर्श म्हणून तिचा उल्लेख करताना तिच्यातले अपवादही विसरता कामा नयेत. १८८० च्या हुकुमाने हिंदू पुरुषाला विशिष्ट परिस्थितीत, पत्नीला अपत्य नसल्यास, दुसऱ्या विवाहाची मुभा ठेवली होती. इतिहासाने दिलेली देणगी डोळे उघडे ठेवूनच घ्यावयाची असते.

पण माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. या संहितेप्रमाणे विवाह हा नोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हावयाचा करार आहे. आधी इराद्याची घोषणा आणि पहिली सही, मग ठरावीक मुदतीनंतर दुसरी सही. पहिल्या सहीनंतर मांडव पडला, अक्षता पडल्या, आणि दुसरी सही राहूनच गेली, तर कायद्याच्या दृष्टीने विवाह पुरा झालेला नसतो. वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा असतो. तो करार करावयाचा तर विवाहापूर्वीच, कारण नंतर बदलता येत नाही. मुलांना, मग मुलगा असो वा मुलगी, मालमत्तेचा अर्धा भाग राखीव असतो. मृत्युपत्राने तो हिरावता येत नाही. किती सुंदर तरतुदी आहेत या! परंतु बोहल्यावर चढणाऱ्या मुलीला यातले किती ठाऊक असते? भावाच्या सांगण्यावरून हक्कसोड लेखावर सही करणाऱ्या बहिणीला आपण नेमके काय सोडले हे कुणी तिच्या भाषेत वाचून दाखवले असते काय?

वारसा आणि वाटणीविषयीच्या तरतुदी आता २०१२ च्या गोवा कायद्यात आल्या असून तो २०१६ पासून अमलात आहे. उरलेल्या संहितेचे इंग्रजी भाषांतर सरकारने २०१८ साली राजपत्रातून प्रसिद्ध केले. म्हणजे मूळ संहितेनंतर दीडशे वर्षांनी! ते उपयुक्त आहे, अभिनंदनीय आहे. पण ते मुख्यतः वकिलासाठी आणि न्यायाधीशासाठी आहे. सत्तरीतल्या मुंडकारासाठी, काणकोणातल्या विधवेसाठी पोर्तुगीज आणि इंग्रजी यांत काय फरक? १८६१ साली जे एका परकी सरकारला सुचले ते आपणांस सुचू नये, ही नामुष्कीची गोष्ट आहे.

१ जुलै २०२४ पासून देशभर नव्या फौजदारी संहिता अमलात आल्या. दंडसंहितेची पाठ असलेली कलमे वकिलांना पुन्हा नव्याने शिकावी लागली, आणि त्यासाठी ठिकठिकाणी परिसंवाद झाले, पुस्तिका निघाल्या. व्यवसायाने स्वतःची वार्ता स्वतःला पोचवण्यात कसूर केली नाही. वकील मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका पाहाव्यात. त्यांत व्याख्याने, वर्धापनदिन, सत्कार, नव्या निकालांवरील चर्चा असतात. हे सारे आवश्यकच आहे. मात्र या पत्रिकेत एक ओळ वाढवावी, एवढीच विनंती. वर्षातून काही वेळा गावच्या शाळेच्या सभागृहात मराठीत आणि कोकणीत कायदा समजावून सांगण्याचा कार्यक्रम व्हावा. दोन सह्यांचा अर्थ, सामाईक मालमत्तेचा अर्थ, हक्कसोडीचा अर्थ, मुंडकाराच्या नोंदणीचा अर्थ. यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती चार वकिलांची तयारी आणि एका शाळेची घंटा.

या शाळेचे अनेक विद्यार्थी आज वकिली करीत आहेत. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीने मुलांना अक्षरे शिकवली ती नुसती परीक्षेसाठी नव्हे. अक्षर येणाऱ्याने न येणाऱ्याचा कागद वाचून दाखवावा, ही त्या शिक्षणामागची अपेक्षा होती. पत्र आले की शेजारच्या म्हातारीला ते वाचून दाखवणारा शाळकरी मुलगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे, कदाचित आपणच तो होतो. तो मुलगा आता काळा कोट घालतो. म्हातारी अजूनही दारात कागद घेऊन उभी आहे. त्याने थांबून तो वाचून दाखवावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.