टंकलेखन यंत्रापासून संगणकापर्यंत : स्वतंत्र अहवाल-लेखकाच्या साधननिवडीचा इतिहास
(विशेष संदर्भ : कसारा-शहापूर परिसर)

प्रस्तावना

लेखनाच्या साधनांचा इतिहास मराठीत प्रामुख्याने मुद्रणालयांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ग्रंथ, वृत्तपत्रे आणि त्यांचे छापखाने यांची नोंद अभ्यासकांनी आवर्जून घेतली. परंतु तहसील कचेरीच्या आवारात, बँकेच्या शेजारच्या गाळ्यात किंवा स्वतःच्या घराच्या ओटीवर बसून इतरांसाठी अर्ज, निवेदने, ठराव, प्रकल्प अहवाल व वार्षिक अहवाल लिहून देणारा स्वतंत्र लेखक या इतिहासात क्वचितच आढळतो. पगारी कारकुनाचे साधन त्याचे कार्यालय ठरविते. यंत्र बिघडले तर दुरुस्तीची मागणी करता येते व काम थांबले तरी पगार थांबत नाही. स्वतंत्र लेखकाला मात्र यंत्र स्वतःच्या भांडवलातून घ्यावे लागते आणि निवड चुकल्यास तिची किंमत त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते. म्हणूनच ‘कोणते यंत्र घ्यावे’ हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मूलतः तो उपजीविकेचा आणि सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील कसारा-शहापूर परिसराच्या संदर्भात या निवडीमागील घटकांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

परिसर आणि लेखनाची गरज

१८६१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि १८६५ मध्ये थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला. १:३७ इतक्या तीव्र चढामुळे गाडीला जादा इंजिने जोडण्याचे ठिकाण म्हणून कसाऱ्याला महत्त्व आले. पुढे मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे हे एक अंतिम स्थानक ठरले. मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावरील या गावाचा तालुका शहापूर असून तेथे जाण्यासाठी आसनगाव स्थानकावर उतरावे लागते. शेजारच्या मुरबाड तालुक्याला तर रेल्वेचीही सोय नाही.

या परिसरात लेखनाची गरज शेती, जंगल आणि पाणी या तिन्हींतून निर्माण झाली. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून पुढील काळातील भातसा धरणापर्यंत मुंबईला पाणी पुरविणारे मोठे जलाशय या भागात उभे राहिले. परिणामी भूसंपादन, मोबदला व पुनर्वसन यांविषयीचे अर्ज हा येथील सार्वजनिक जीवनाचा एक भागच बनला. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती असून शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ज्याला लिहिता येत नाही अथवा कचेरीची भाषा अवगत नाही, त्याच्या हक्काचे भवितव्य बहुतांशी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अवलंबून राहते. अर्ज लिहिणाऱ्याचे साधन हा या अर्थाने केवळ त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही.

टंकलेखन यंत्राचा काळ

बोरू, दौत आणि मोडी लिपी ही जुन्या कारकुनाची साधने होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून मागे पडली आणि बाळबोध लिपी स्थिरावली. १९५५ मध्ये गोदरेज अँड बॉईस कंपनीने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभारात मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. कचेरीची भाषा मराठी झाली, तशी मराठी टंकलेखकाची मागणीही वाढली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी मिनिटाला ३० शब्द व इंग्रजी ४० शब्द ही प्रमाणपत्रे ग्रामीण सुशिक्षित तरुणांच्या दृष्टीने नोकरीची पहिली पायरी ठरली आणि ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांच्यासाठी तीच स्वतंत्र व्यवसायाची पात्रता बनली.

टंकलेखन यंत्राचे काही गुण पुढील काळातील साधनांना लाभले नाहीत. त्याला विजेची आवश्यकता नव्हती. घडीच्या टेबलावर ते झाडाखाली मांडता येई. कार्बन कागदाच्या साहाय्याने अर्जदाराची स्थळप्रत त्याच वेळी तयार होत असे. दुरुस्ती तालुक्याच्या गावी होई आणि एकदा घेतलेले यंत्र वीस-पंचवीस वर्षे सहज चाले. त्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. मोजक्या कळांवर देवनागरीची सर्व जोडाक्षरे बसविणे अशक्य असल्याने अर्धी अक्षरे, काना व हलन्त यांच्या जुळणीतून शब्द उभा करावा लागे. एक चूक झाली तर संपूर्ण पान पुन्हा टंकलिखित करणे भाग पडे. दहा पानांच्या अहवालात सहाव्या पानावरील आकडा बदलला तर तो बदल लेखकाच्या दिवसाच्या कमाईतून वजा होत असे.

संगणकाचे आगमन आणि लिपीचा प्रश्न

नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने भारतात संगणकाच्या आयातीवरील व निर्मितीवरील बंधने सैल झाली. त्या काळातील बहुतेक संगणक इंग्रजीपुरतेच उपयोगी होते. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले ‘गिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्यातील ‘सी-डॅक’ या संस्थेत विकसित झाले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची होय. संगणकात बसविण्याच्या गिस्ट कार्डामुळे पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीचा समावेश होता.

प्रत्यक्ष बाजारात मात्र दीर्घकाळ निराळे चित्र दिसून येते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची ‘श्रीलिपी’, बंगळूरची ‘आकृती’ आणि सी-डॅकचे ‘आयएसएम’ ही पॅकेजे डीटीपी व्यवसायात रुजली. प्रत्येकाची अक्षरसंकेतांची व्यवस्था स्वतंत्र होती. एका पॅकेजमध्ये तयार केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. त्यामुळे नव्वदच्या दशकात संगणक घेणारा लेखक प्रत्यक्षात फॉन्टची निवड करीत होता आणि त्या निवडीबरोबर आपले जुने दस्तऐवज भविष्यात कोण वाचू शकेल हेही ठरवीत होता. काही पॅकेजे हार्डवेअर लॉकवर चालत. संगणक बदलताना जुना लॉक ज्या पोर्टला बसतो तेच नव्या यंत्रावर नसेल, तर सुस्थितीतील पॅकेजही निरुपयोगी ठरे.

२००० मध्ये आलेल्या ‘विंडोज २०००’ या प्रणालीत देवनागरीची अंगभूत सोय झाली. तीसोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला होता. तथापि ‘विंडोज एक्सपी’मध्ये ही सोय स्वतंत्रपणे कार्यान्वित करावी लागे आणि छपाईसाठी सर्वत्र वापरले जाणारे ‘पेजमेकर’ युनिकोड स्वीकारत नसे. परिणामी लेखकाला शासकीय कामासाठी एक आणि छापखान्यासाठी दुसरी अशा दोन व्यवस्था बाळगाव्या लागल्या.

मराठीच्या स्वतंत्र गरजांचे उदाहरण म्हणून ‘कसारा’ हे ग्रामनामच पाहता येईल. त्याला विभक्तिप्रत्यय लागताच ‘कसाऱ्याला’, ‘कसाऱ्याहून’ अशी रूपे होतात व त्यांत मराठीचा आडवा अर्धा र येतो. हाच र ‘शेतकऱ्याचा’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतही आहे. देवनागरीची सोय आहे एवढ्यावर समाधान मानून घेतलेल्या यंत्रावर त्याऐवजी रफार उमटला तर अर्जातील गावाचे व अर्जदाराचे वर्णनच चुकीचे दिसे. युनिकोडमध्येही हा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. दिसावयास दोन्ही सारखे असले तरी संगणकाच्या शोधात ते भिन्न ठरतात. ‘ल’ व ‘श’ यांच्या मराठी वळणांबाबतही असाच प्रश्न होता. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने वर्णमालेच्या अद्ययावतीकरणाचा निर्णय निर्गमित करून ही वळणे निश्चित केली.

वीज, बाजारपेठ आणि भांडवल

संगणकनिवडीतील दुसरा निर्णायक घटक वीज हा होय. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले, त्या सुमारास व पुढील काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. लहान यूपीएस केवळ काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरता अवधी देत असे. शहरी ग्राहकाला लॅपटॉप ही प्रवासाची सोय वाटत असताना ग्रामीण लेखकाला त्याचे महत्त्व बॅटरीमुळे जाणवले. मात्र लॅपटॉप महाग होता व त्याची दुरुस्ती गावात होत नसे. याउलट सुटे भाग जोडून तयार केलेल्या ‘असेंबल्ड’ संगणकाचा बिघडलेला भाग तेवढाच बदलता येई.

या बाबतीत कसाऱ्याला रेल्वेचा लाभ होता. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, ही संगणकाच्या सुट्या भागांची प्रमुख बाजारपेठ एका दिवसाच्या लोकल प्रवासाच्या टप्प्यात होती. १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेचा माहिती तंत्रज्ञान करार स्वीकारला आणि २००५ पर्यंत संगणकावरील आयातशुल्क शून्यावर आले. किमती घटल्या, परंतु भांडवलाचा प्रश्न संपला नाही. १९९३ मध्ये सुरू झालेली व २००८ मध्ये नव्या कार्यक्रमात विलीन झालेली प्रधानमंत्री रोजगार योजना हा सुशिक्षित बेरोजगारांसाठी कर्जाचा एक मार्ग होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरता तालुक्याच्या गावांपर्यंत नेली.

कर्जाची रक्कम ठरलेली असल्याने तिची वाटणी कशी करावी, हा खरा पेच होता. अहवाल-लेखनाच्या कामाला अतिवेगवान प्रोसेसरची आवश्यकता नसते. दिवसभर टंकन सहन करणारा कळफलक, डोळ्यांना त्रास न देणारा पडदा, खात्रीचा मराठी फॉन्ट आणि स्वस्तात छापणारा प्रिंटर यांवरच व्यवसायाचे गणित उभे राहते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची छपाई साधी असली तरी त्यावर कार्बन प्रती निघत. लेझर प्रिंटरची छपाई देखणी असली तरी त्याला विजेचा भार अधिक लागे व लहान यूपीएस तो पेलत नसे.

कायद्यातील बदल आणि लेखकाची भूमिका

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लेखनाचे स्वरूपही पालटले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे सामान्य नागरिकाला शासनाकडे लेखी विचारणा करण्याचा हक्क मिळाला. २०१२ मध्ये राज्याच्या नियमांत सुधारणा होऊन अर्जासाठी १५० शब्दांची मर्यादा आली, तेव्हा शब्दगणना करणारे यंत्र लेखकाला अधिकच उपयुक्त ठरले. वनहक्क अधिनियम, २००६ ची अंमलबजावणी १ जानेवारी २००८ पासून सुरू झाली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा वनजमिनीवरील ताबा, ग्रामसभेचा ठराव, पुरावे व जबाब यांचा संच तयार करून दावा ग्रामसभेकडून उपविभागीय व तेथून जिल्हास्तरीय समितीपर्यंत जातो. दावा अमान्य झाल्यास अपिलासाठी तोच संच पुन्हा लागतो. अशा वेळी दाव्याची प्रत लेखकाच्या संगणकात सुरक्षित असणे हा दावेदाराच्या दृष्टीने मोठाच आधार होय. फॉन्ट कालबाह्य झाला किंवा हार्ड डिस्क निकामी झाली तर नुकसान केवळ लेखकाचे होत नाही.

पुढील काळात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळ यांमुळे अनेक अर्ज थेट संगणकावर भरले जाऊ लागले. परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही २०१० च्या दशकात संगणकाकडे वळल्या. अर्जाचा नमुना ठरलेला असला तरी निवेदन, अपील व अहवाल यांतील युक्तिवाद मात्र कोणीतरी लिहावाच लागतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शहापूर तालुक्यातून जाणारा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भूसंपादनाच्या अशा प्रत्येक टप्प्यावर लेखी बाजू मांडण्याची गरज पुन्हा पुन्हा उत्पन्न होते.

साधननिवडीचा प्रश्नही संपलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ प्रणालीचे नियमित साहाय्य बंद झाले आणि ‘विंडोज ११’ अनेक जुन्या, परंतु चालू स्थितीतील संगणकांना स्वीकारत नाही. टंकलेखन यंत्र झिजेपर्यंत वापरता येत असे. संगणक मात्र सुस्थितीत असतानाच त्याचा काळ बाहेरून संपविला जातो. स्वतंत्र लेखकाच्या अर्थकारणातील हा मूलभूत बदल आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी, की ग्रामीण स्वतंत्र लेखकाच्या साधननिवडीत यंत्राच्या वेगापेक्षा लिपी, वीज, दुरुस्ती आणि छपाईचा खर्च हे घटक अधिक निर्णायक ठरले. दुसरी, लिपीच्या प्रमाणीकरणास झालेल्या विलंबाचा भार शासन अथवा कंपन्यांपेक्षा लहान व्यावसायिकांवर व त्यांच्या अर्जदारांवर अधिक पडला. तिसरी, युनिकोडमध्ये दस्तऐवज ठेवणे, त्यांची दुसरी प्रत अन्यत्र जतन करणे आणि अर्जदाराला छापील स्थळप्रत देणे या तीन सवयी यंत्राच्या किमतीहून मोलाच्या आहेत. कार्बन कागदाने अर्जदाराच्या हाती जो पुरावा सहज ठेवला होता, तो संगणकाच्या युगात लेखकाला जाणीवपूर्वक द्यावा लागतो. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत तो देणे म्हणजे एखाद्या कुटुंबाची जमीन, पाणी वा जंगल यांवरील हक्काची नोंद राखणे होय.