३. ‘रमाबाईंनासुद्धा आठ वर्षं लागली’

रहाटणीतल्या प्रार्थनासभेत पाळकबुवा सेकंड शिफ्ट करून आलेल्या तरुणाला हे ऐकवतात. संदर्भ पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यसंचयासाठी कुटुंबासह तीर्थामागून तीर्थे पालथी घातली. उपासतापास, कुंडांतली स्नाने, ब्राह्मणभोजने यांत गाठचा पैसा संपला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

मात्र मनाला स्वस्थता नव्हती. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, हे आपल्याला आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी १९०७ च्या इंग्रजी साक्षीत सांगितले आहे. निमित्त झाले हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राचे. व्रते असोत वा बाप्तिस्मा, आपल्या करणीने तारण होत नाही. ते देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे, फुकट मिळते, ही प्रॉटेस्टंट पंथांची मुख्य शिकवण. तिचा आधार इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय. कृत्यांचे महत्त्व त्यामुळे संपत नाही, फक्त क्रम उलटतो: आधी तारण, मग सत्कृत्ये. केडगावचे (ता. दौंड) मुक्ती मिशन रमाबाईंनी या अनुभवानंतरच उभारले. तेव्हा ‘मग काही करायचंच नाही का?’ हा त्या तरुणाचा प्रश्न रास्त असला, तरी रमाबाईंना तो लागू पडत नाही.