थरांना धरणारा धागा

कापडाचे चार थर एकावर एक अंथरले म्हणजे पांघरूण तयार होत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, आत कापूस असेल तर तो एका बाजूस गोळा होतो आणि पहिल्याच धुण्यात त्याच्या गाठोळ्या होतात. हे थर जागच्या जागी धरून ठेवण्याची रीत हीच गोधडी, कंथा, सुजनी, रजई या साऱ्यांच्या मुळाशी असलेली कला होय. भारतीय वस्त्रांच्या अभ्यासकांनी माग, रंग आणि जर यांकडे जितके लक्ष दिले तितके या कलेकडे दीर्घकाळ दिले नाही. चिंध्यांपासून घडलेली आणि घरातच वापरून संपणारी वस्तू इतिहासाचे साधन ठरू शकते, ही जाणीवच उशिरा आली.

थर जोडण्याच्या मुख्यतः दोन रीती दिसतात. पिंजलेला कापूस जाड भरायचा असेल तर गाठीचा आश्रय घ्यावा लागतो. पिंजारी धनुकलीने कापूस मोकळा करतो, खोळीत सारखा पसरवतो आणि लांब सुईने दोरा आरपार नेऊन, थोड्या अंतरावरून परत आणून त्याची टोके बांधतो. गादीवर ठरावीक अंतराने दिसणारे खळगे या टाक्यांचेच असतात. अशी गाठ टिकावी म्हणून पहिल्या वेढ्यात उजवे टोक डाव्यावरून घेतले तर दुसऱ्या वेढ्यात डावे उजव्यावरून घ्यावे लागते. मग ती सपाट बसते आणि ताण आला की अधिक आवळते. दोन्ही वेढे एकाच बाजूने घेतले तर गाठ वाकडी बसते व हळूहळू सुटते. टोके फार आखूड कापली तरी तोच परिणाम होतो. राजस्थानात होऊन गेलेले संत दादू दयाळ (१५४४–१६०३) हे पिंजाऱ्यांच्या कुळातले, असे परंपरा मानते. पण या व्यवसायातील हातांचे कसब लिहून ठेवावे, असे कोणाला वाटले नाही.

दुसरी रीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर जोडण्याची. तेथे गाठ मागे सरते आणि धावदोरा पुढे येतो. मराठी घरांत गोधडी जमिनीवर ताणून अंथरतात, काठाशी सुरुवात करतात आणि चौकोनात चौकोन असे मध्याकडे शिवत जातात. दोऱ्याच्या टोकाची गाठ ओढून थरांच्या आत दडवतात. दोरा संपत आला की उलटे टाके घालून तो कापडातच जिरवतात. तान्ह्या मुलाच्या अंगाला गाठ टोचू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

'कंथा' हा शब्द संस्कृतात ठिगळांच्या वस्त्रासाठी येतो. विरक्त साधू आणि नाथपंथी जोगी यांच्या वेषाचा ती भाग होती; दारिद्र्य आणि वैराग्य दोन्ही त्या एका वस्त्रात सामावली. बंगालमध्ये हाच शब्द गृहिणींच्या हातच्या भरतकामाचे नाव झाला. जुन्या साड्यांच्या काठांतून सुटे केलेले रंगीत धागे आणि झिजून मऊ झालेले पांढरे कापड, एवढ्या सामग्रीवर कमळे, रथ, हत्ती, मासे उमटले.

तथापि बंगालमधील सर्वांत जुनी उपलब्ध भरतकाम केलेली पांघरुणे घरगुती नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकांत सातगाव परिसरात पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी टसर रेशमाने भरलेल्या 'कोल्चा' तयार होत. शिकारीची दृश्ये आणि बायबलातील प्रसंग असलेली ही पांघरुणे युरोपच्या श्रीमंत घरांत गेली म्हणून वाचली. त्याच काळात बंगाली घरांत शिवलेली पांघरुणे वापरात विरून गेली. जे देशाबाहेर गेले ते उरले आणि जे अंगावर राहिले ते संपले, हा या इतिहासातील मोठा असमतोल होय.

तो काही अंशी भरून निघाला तो संग्राहकांमुळे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी सरकारी सेवेत असताना बंगालच्या खेड्यांतून कंथा गोळा केल्या. कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. तेथील एकोणिसाव्या शतकातील एक कंथा मानदासुंदरी नावाच्या स्त्रीची आहे. आपण ती स्वहस्ते करून पित्याला अर्पण केली, असे तिने अक्षरांच्याच टाक्यांत लिहिले. अशी सही दुर्मीळ आहे. जसीमुद्दीन यांच्या 'नक्शी काँथार माठ' (१९२९) या काव्यात नायिका आपली सारी कहाणी कंथेवर भरते आणि ती आपल्या थडग्यावर पसरावी अशी इच्छा व्यक्त करते. ज्यांना लेखणी मिळाली नाही त्यांच्यासाठी सुई काय होती, हे त्या कवीने ओळखले होते.

बिहारमधील मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात १९८८ पासून सुजनीला नवे जीवन मिळाले आणि हुंड्यासारखे विषय त्या टाक्यांत आले. पूर्वी ती मुख्यतः नवजात बाळासाठी शिवली जाई. उत्तर कन्नडच्या जंगलात राहणाऱ्या सिद्दी समाजातील अनेकांचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून निसटून आलेले; त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा अंश आहे. त्यांच्या स्त्रिया 'कवंदी' कोपऱ्यापासून सुरू करून मध्याकडे शिवत नेतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्यांची 'फुले' बसवतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते.

दख्खनमध्ये फाटलेली गोधडी सहसा टाकून देत नाहीत. तिला नवे आवरण घालून पुन्हा धावदोरा घालतात आणि ती नव्या गोधडीचा आतला थर होते. एखादी जुनी गोधडी उसवली तर आत दुसरी सापडते आणि तिच्यावर आधीच्या पिढीतील कोणा स्त्रीचे टाके अजून शाबूत असतात. तिचे नाव तेथे नसते. पण दोरा कोठे सुरू झाला, कोठे संपला आणि गाठ कोठे दडवली, हे तेथे वाचता येते.