न दिसण्याचीही साक्ष : गॅमा-किरणस्फोटांच्या शोधाची कथा



आकाशात एकाएकी चमकून जाणारा प्रकाश मावळात नवा नाही. वळवाच्या दिवसांत लोहगडाच्या बाजूला वीज लवते, आणि गडगडाट ऐकू येण्यास किती वेळ लागला यावरून आंबीच्या शिवारातला शेतकरी ढग किती दूर आहे ते ताडतो. आज ज्या विजेविषयी बोलायचे आहे तिला गडगडाट नाही. ती डोळ्यांना दिसत नाही. तिची पहिली नोंद झाल्यावर ती किती दूर चमकते हे ठरविण्यास माणसाला तीस वर्षे लागली.

या कथेचा आरंभ संशयातून झाला. १९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली व अंतराळात अणुबाँबच्या चाचण्या न करण्याचा करार केला. करार झाला, पण विश्वास बसला नाही. म्हणून अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह पहाऱ्याला ठेवले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात. ते क्ष-किरणांहूनही भेदक असतात. २ जुलै १९६७ रोजी या पहारेकऱ्यांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदविला. परंतु त्याचे चढउतार बाँबच्या झोतासारखे नव्हते. पुढे असे आणखी झोत सापडले. निरनिराळ्या उपग्रहांवर तो झोत किती अंतराने पोहोचला, हे पडताळून क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन या शास्त्रज्ञांनी दाखविले की, त्याचा उगम पृथ्वीवरही नाही आणि सूर्यावरही नाही. १९७३ साली त्यांनी अशा सोळा स्फोटांची हकीकत प्रसिद्ध केली. शत्रूवर आळ घेण्यासाठी ठेवलेल्या पहाऱ्याने शत्रूलाच निर्दोष ठरविले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग हे स्फोट होतात कोठे? आपल्या आकाशगंगेत, की तिच्या पलीकडे? १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेला दिवसाला सुमारे एक स्फोट आढळू लागला. ते आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले नव्हते, सर्व दिशांना सारखे विखुरलेले होते. त्यांत दोन जातीही दिसल्या : दोन सेकंदांहून आखूड आणि त्याहून दीर्घ. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला भर सभेत लॅम आणि पाचिन्स्की यांचा याच प्रश्नावर वाद रंगला; निकाल मात्र लागला नाही. तो लागला १९९७ मध्ये. २८ फेब्रुवारीला ‘बेप्पोसॅक्स’ या उपग्रहाने एका स्फोटामागे रेंगाळणारी प्रभा पकडली, आणि मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाच्या प्रभेवरून अंतर मोजता आले. तो प्रकाश अब्जावधी वर्षे प्रवास करून आला होता!

एवढी शक्ती येते कोठून? दीर्घ स्फोटांचे उत्तर १९९८ आणि २००३ च्या स्फोटांनी दिले. प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो, त्याचे बहुधा कृष्णविवर होते, आणि तेथून प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारा चिंचोळा झोत ताऱ्याचे कवच भेदून बाहेर पडतो. तो झोत नेमका आपल्या रोखाने आला, तरच आपल्याला स्फोट दिसतो. २००३ च्या त्या स्फोटाची मागे उरलेली रेडिओ-प्रभा टिपणाऱ्या दुर्बिणींत आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ-दुर्बीणही होती.

आता अगदी घराजवळची गोष्ट. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून निघाला. त्यावरील क्ष-किरण टिपणाऱ्या एका उपकरणाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता, आणि त्याच्या नोंदी पुण्याच्या ‘आयुका’त येतात. पाहायचे एका दिशेला, अशी त्याची रचना. पण कुडाच्या भिंतीतून शेजारचे बोलणे ऐकू यावे, तसे अतिभेदक किरण त्याच्या भिंतींतूनही आत शिरतात. म्हणून ते जवळजवळ साऱ्या आकाशाचे पहारेकरी झाले. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याने एक स्फोट नोंदविला. २०२२ मध्ये ही संख्या पाचशेवर गेली.

परंतु त्याची खरी कसोटी ४ जानेवारी २०१७ नंतर लागली. त्या दिवशी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेत पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी हवाईतील दुर्बिणीला त्याच भागात एक मावळता ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश निघतो, असे ठरले असते तर केवढी खळबळ उडाली असती! तो मोह मोठा होता. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लहरींच्या क्षणी काहीच दिसले नाही. मात्र सुमारे एकवीस तासांनी एक वेगळाच गॅमा-किरणस्फोट झालेला आढळला. ठिपका ज्या गतीने मावळत होता, तिचा हिशेबही त्याच वेळेशी जुळला. ठिपका त्या स्फोटाचा होता. लहरींशी त्याचा संबंध नव्हता. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी हा निर्वाळा दिला.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला खरा योग आला. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. लहरींमागून पावणेदोन सेकंदांच्या आत आखूड स्फोट आला, आणि त्या जातीचेही एक मूळ सापडले. अ‍ॅस्ट्रोसॅटला तो दिसला नाही, कारण मध्ये पृथ्वी आली होती. पण जे दिसले नाही ते पृथ्वीआडच्या आकाशात असले पाहिजे, आणि एवढ्या सांगण्यानेही शोधाचे क्षेत्र आखडले.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. उद्या तेथे आपली मुले बसतील. पाहिले ते पाहिले, आणि नाही पाहिले ते नाही पाहिले, असे वहीत लिहिण्याची सवय त्यांना आतापासून, या मावळातल्या शाळांतूनच लागावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.